दारावरचा चेहरा

धुकं इतकं दाट होतं, की समोरच्या माणसावर जाऊन आदळेपर्यंत तो मालिनाला दिसलाच नाही.

ती जिन्यावरून धावतच खाली आली होती. पायात घरातल्या सपाता, अंगावर आजीचा ढगळ स्वेटर, हातात फोन. इमारतीचं जड दार तिने खांद्याने ढकललं, आणि थेट त्याच्या छातीवर! त्याच्या हातातल्या शेवंतीच्या पाकळ्या उडाल्या, तिचा फोन पायरीवर आपटला.

"दिसत नाही का हो तुम्हाला?" ती ओरडली. खरं तर बघून चालायचं तिने होतं.

त्याने आधी तिच्याकडे बघितलं, मग दारावर चिकटवलेल्या कागदाकडे, मग पुन्हा तिच्याकडे. उंचापुरा गडी, उघड्या डोक्यावर धुक्याचे थेंब, आणि चेहरा मात्र भूत बघितल्यासारखा पांढराफटक.

"तुम्ही... तुम्ही इथे राहता?"

"नाही, चोरी करून पळतेय! दुसऱ्या मजल्यावर राहते. का?"

त्याने एक लांब श्वास घेतला. मग चार फुलांतलं एक घाईघाईने उपसून कोटाच्या खिशात कोंबलं आणि उरलेली तीन तिच्यापुढे धरली. डॅन्यूबकाठच्या रूसे शहरात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, की सम फुलं मेलेल्यांना आणि विषम फुलं जित्या माणसांना. मालिनाला वाटलं, हा आजीसाठीच आला असणार.

दारावरचा श्रद्धांजलीचा कागद आजीचाच होता. तिला जाऊन सहा महिने झाले, म्हणून शहराच्या प्रथेप्रमाणे मालिनाने तो दारावर, कोपऱ्यावरच्या खांबावर आणि ट्रॉलीबसच्या थांब्यावर लावला होता. फोटो आजीच्या ऐन पंचविशीतला. 'मला म्हातारी करून भिंतीवर लावू नकोस, सांगून ठेवते,' अशी तंबी आजीनेच दिली होती. तेच नाक, तीच हनुवटी, आणि घरच्या रीतीप्रमाणे नातीला दिलेलं नावही तेच — मालिना काराजोवा. खालची जन्म-मृत्यूची सालं पावसाने कधीच धुऊन नेली होती.

"आजीसाठी आणलीत?" तिने विचारलं.

"अं... हो. म्हणजे... आता तुम्हीच घ्या." तो हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले.

एरवी तिने त्याला फैलावर घेतलं असतं. आज तिला तेवढी उसंत नव्हती.

"मला पोलिसांत जायचंय," फोन उचलून त्याच्या हातात देत ती म्हणाली. "मी मेलेय म्हणे."

तडा गेलेल्या फोनवर अक्षरं स्पष्ट होती. 'खातेधारकाच्या निधनाबद्दल सहवेदना. पुरावा मिळाल्याने हे खातं बंद करण्यात येत आहे. लवकरच ते कायमचं पुसलं जाईल.' खाली पुराव्याचा फोटो. तिच्याच इमारतीचं दार, दारावर तो कागद, आणि बाजूच्या काचेत फोटो काढणाऱ्याची काळपट सावली — उंच, डोक्यावर कानपट्ट्या वर वळवलेली टोपी, दोन्ही हातांत धरलेला फोन.

"हा माणूस इथे आला होता," मालिना पुटपुटली. "याच पायरीवर उभा होता. मला मारायला नाही, तर... मेलेली ठरवायला. असं कोण करतं हो?"

त्याने फोन तिच्या हातात परत दिला. त्याचे हात गार पडले होते. "चला," तो म्हणाला, "मी येतो तुमच्यासोबत."

त्याचं नाव यासेन. नदीखात्याच्या बोटीवर काम करायचा. डॅन्यूबच्या पात्रात जहाजांना वाट दाखवणाऱ्या तरंगत्या खुणा लावायच्या, वाहून गेल्या की शोधून आणायच्या.

पोलिसांनी मालिनाला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "बाई, तुम्ही तर धडधाकट दिसता. मग गुन्हा नोंदवू कशाचा?"

परत येताना ती प्रत्येक टोपीवाल्याकडे वळून बघत होती. पाववाल्याकडे रांगेत उभी राहिली, तरी पाठीला डोळे फुटल्यासारखी. घरी येऊन तिने दाराला साखळी लावली, खिडक्या बंद केल्या आणि मग लक्षात आलं, की यासेन आतच राहिलाय.

"मी जाऊ?" त्याने विचारलं.

"नको," ती पटकन म्हणाली. मग सावरून, "म्हणजे... चहा घेऊन जा. लिंडनच्या फुलांचा आहे."

त्या दिवसापासून तो काम सुटलं की येऊ लागला. खालच्या मजल्यावरच्या स्तोइका मावशी दार किलकिलं करून बघायच्या. "मालिने, गॅसवाला रोज यायला लागला का गं?" असं मोठ्याने विचारायच्या, आणि मालिना लाजून जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढायची.

मावशींना हसू सुचत होतं. मालिनाला मात्र घास गिळवत नव्हता. 'दोन मालिना' हे व्हिडिओंचं खातं म्हणजे तिची नुसती हौस नव्हती. आजी आणि ती मिळून तिथे रांधायच्या, भांडायच्या, एकमेकींना नावं ठेवायच्या, आणि लोक मिटक्या मारत बघायचे. ज्या फोनवर ते सगळं टिपलं होतं, तो मागच्या उन्हाळ्यात धक्क्यावरून नदीत पडला. आजीचा आवाज आता फक्त त्या खात्यात उरला होता. आजी गेल्यापासून मालिनाने तिथे एक ओळ लिहिली नव्हती, पण रोज सकाळी तिथे जाऊन आजीची एखादी शिवी ऐकल्याशिवाय तिचा दिवस सुरू व्हायचा नाही.

"आवाज विसरतो माणूस," ती एकदा यासेनला म्हणाली. "चेहरा फोटोत राहतो. आवाज नाही राहत. मला आत्ताच आठवत नाहीये, ती मला हाक कशी मारायची... खूप भीती वाटते हो."

यासेन खाली मान घालून कपातली फुलं ढवळत राहिला.

"तुम्ही बघायचात आम्हाला?"

"बोटीवर दुसरं करायचं काय? तुम्ही पीठ मळायला लागलात, की आजी म्हणायच्या, 'हात आहेत का लाकडं?' अख्खी बोट हसायची."

"आणि तुम्ही?"

"मी नाही हसायचो. मी... हात बघायचो."

मालिनाने टेबलावरचे हात मांडीवर घेतले. मग काय वाटलं कोण जाणे, पुन्हा टेबलावर ठेवले.

"बाहेर एवढं गारठलंय, तुम्ही टोपी का नाही घालत?" तिने विषय बदलला.

"हरवली," तो म्हणाला. जरा जास्तच लवकर म्हणाला.

खात्याच्या कंपनीला आपण जिवंत असल्याचं पटवण्यासाठी तिने काय नाही केलं! चेहरा दाखवा म्हणाले, तर कॅमेऱ्यापुढे बसून डावीकडे, उजवीकडे मान वळवली. उत्तर आलं, 'चेहरा मृत व्यक्तीशी जुळतो.' ओळखपत्र पाठवलं. उत्तर आलं, 'नावही जुळतं.' पलीकडे माणूस नव्हताच. ती रडकुंडीला आली, आणि एकदम हसूही फुटलं.

"यंत्राला काय कळतंय?" यासेन म्हणाला. "मेलेल्या बाईचे गाल असे लाल होतात होय?"

"गप्प बस." तिच्या तोंडून 'बस' निघून गेलं. त्यानंतर 'अहो-जाहो' कुणी केलंच नाही.

आणि मग शेवटचं उत्तर आलं. 'ज्याने निधनाची खबर दिली, त्याने स्वतः ती मागे घेतली, तरच खातं वाचेल.'

"म्हणजे त्या सावलीला शोधायचं," मालिना म्हणाली. "शोधायचं, आणि तिच्यापुढे हात जोडायचे. यासेन, मला नाही जमणार. तो समोर आला तर मी जागीच मरेन."

यासेन उठला. कोट घालताना त्याचा हात बाहीत जाईना. "नाही मरणार तू," एवढंच म्हणून तो गेला.

दुसऱ्या सकाळी कडाक्याची थंडी पडली. नदीवरून वारा नुसता सुऱ्यासारखा येत होता. मालिना पाव आणायला खाली उतरली, दाराशी आली, आणि काचेपलीकडे तिला कुणीतरी उभं दिसलं. उंच. डोक्यावर कानपट्ट्या वर वळवलेली टोपी. दोन्ही हातांत फोन, छातीशी धरलेला.

तिच्या हातातल्या पिशवीतला फोन वाजू लागला. पडद्यावर नाव होतं — यासेन.

ती उलट पावली जिना चढली, घरात शिरली, कडी लावली, साखळी लावली आणि दाराला पाठ लावून खालीच बसली. या माणसाला तिने घरात घेतलं होतं! त्याच्यासमोर रडली होती. आजीच्या कपात चहा दिला होता.

फोनवर आता निरोप आला होता. 'यासेन दोब्रेव यांनी निधनाची खबर मागे घेतली आहे. खातं सुरू करता येणार नाही. ते आज पहाटे पुसण्यात आलं.'

तिने तो पुन्हा वाचला. मग तिला रडूच कोसळलं.

"मालिना," दारापलीकडून आवाज आला. "दार उघडू नकोस. नुसतं ऐक."

"चालता हो! पोलिसांना बोलावते मी!"

"बोलाव. पण आधी ऐक. ट्रॉलीबसमधून जाताना मला तो कागद दिसला. तुझा चेहरा, तुझं नाव. सहा महिने तू काही लिहिलंही नव्हतंस... मग इथल्या दारावर पुन्हा पाहिला. माझी खात्रीच पटली. तूच एकदा लिहिलं होतंस ना — 'मी गेले तर माझं खातं बंद करा रे कुणीतरी. मेलेल्या बाईला वाढदिवसाच्या शुभेच्छा देणारे लोक मला चालायचे नाहीत.' मला वाटलं... तुझ्यासाठी एवढंच करता येईल आता."

मालिनाला आठवलं. लिहिलं होतं खरं. आजी त्यावर म्हणाली होती, 'जीभ आवर.'

"आणि दुसऱ्या दिवशी मी फुलं घेऊन आलो, तर तू माझ्यावरच येऊन आदळलीस!"

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?" ती दारावर मूठ आपटून ओरडली. "तेव्हाच मागे घेतलं असतंस तर... गेली ती! माझी आजी गेली, यासेन! परत गेली!"

"भ्यायलो मी." त्याचा आवाज अगदी खाली गेला. "मागे घेणाऱ्याचं नाव तुला कळतं म्हणे. रोज ठरवायचो, आज सांगतो. आणि तू चहा ओतायचीस, ते बघत बसायचो. काल तुझं ऐकलं आणि घरी जाऊन खबर मागे घेतली. पण उशीर झाला. याला माफी नाही, माहीत आहे मला."

खालून स्तोइका मावशींचा आवाज आला, "मालिने, लाटणं घेऊन येऊ का गं?"

"नको, मावशी!" दोघंही एकदमच ओरडले.

मग बाहेर पायरीवर बूट घासल्याचा आवाज झाला. मालिनाला वाटलं, गेला तो. आणि त्या वाटण्याने ती पुन्हा भ्याली... या वेळी निराळ्याच भीतीने.

तेवढ्यात दारापलीकडे कुणीतरी खोकलं. म्हातारा, घोगरा खोकला. पाठोपाठ भांडं आदळलं.

"अगं ए भवाने! चीज घालून बनित्सा भाजायला ठेवलीस आणि फोनमध्ये काय बघतेस? करपली ना! हात आहेत का लाकडं? ये इकडे, मालिन्ये..."

मालिन्ये. अशी हाक मारायची ती! शेवटचं अक्षर लांबवून, जरासं नाकात.

मालिनाने कडी काढली. साखळी तशीच ठेवून दार बोटभर उघडलं. यासेन पायरीवर बसला होता, टोपी मांडीवर, आणि हातात एक जुना, ओरखडे पडलेला फोन.

"हे... हे कुठून आलं?"

"नदीत मध्यावर नेटवर्क नसतं," तो म्हणाला. मान वर करायची त्याची हिंमत नव्हती. "म्हणून किनाऱ्यावर असताना उतरवून घ्यायचो. सगळे आहेत. पहिल्यापासून. हेही आधीच सांगायला हवं होतं. पण कुणा परक्याकडे आपलं सगळं साठवलेलं आहे म्हटल्यावर कुठली मुलगी घाबरणार नाही?"

"घाबरलेच आहे मी."

"माहीत आहे." त्याने फोन फटीतून आत सरकवला. "ठेव तुझ्याकडे. मी जातो."

तो उठला. दोन पायऱ्या उतरलाही. आत फोनवर आजी अजून करवादत होती — पीठ महाग झालंय, पोरीला लाज नाही, हिच्याशी लग्न कोण करणार. मालिना रडत होती आणि हसत होती, आणि दोन्हीतलं काहीच थांबत नव्हतं.

"यासेन!"

तो थांबला.

"तुझ्यावरचा माझा राग गेलेला नाही. बरेच दिवस जाणारही नाही."

"बरं."

"आणि पुन्हा कधी भ्यायलास ना, तर भ्यायलो म्हणून सांगायचं. गप्प बसायचं नाही."

"आत्ताही भ्यायलोय."

"कशाला?"

त्याने टोपी पिळून पिळून तिचा पार चोळामोळा केला होता. "तू गेलीस असं वाटलं ना, त्या रात्री बोटीवर मी लहान मुलासारखा रडलो. तेव्हा कळलं मला. कधी भेटलो नव्हतो, बोललो नव्हतो, आणि तरी... तू मला आवडतेस, मालिना. मेली होतीस, तेव्हाही आवडत होतीस."

मालिनाने दार लोटलं. त्याला वाटलं, संपलं सगळं.

मग साखळी निघाल्याचा आवाज आला.