पट्टीआडची बोटं

नव्या पेठेतल्या माझ्या दवाखान्याच्या भिंतीवर मी ठळक अक्षरांत लिहून ठेवलं होतं: डोळे आलेल्या माणसाचा पंचा दुसऱ्यानं वापरू नये. डोळ्यांत शेळीचं दूध, मध, राख घालू नये. मुलांना संध्याकाळी दिसेनासं झालं तर पालेभाजी खायला द्यावी आणि ताबडतोब इथं आणावं. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी भिंतीवर लिहिणारा मी केवढा शहाणा! सोबतच्या माणसाला वाचता येईल अशी आशा होती. त्यालाही येत नसे, मग मीच दिवसातून वीस वेळा तो मजकूर ओरडून सांगायचो.

मागच्या खोलीत चार खाटा होत्या. मोतीबिंदू काढला की रोग्याला तिथं आठ दिवस उताणं निजवायचं. दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. खोकायचं नाही, चावायचं नाही. आमच्याकडे कामाला असलेली चिमाबाई चमच्यानं ज्वारीची आंबील भरवायची. तिसऱ्या दिवशी पट्टी सोडून मी डोळा बघायचो आणि पुन्हा बांधायचो. दुखलं तर तेवढंही थांबायचं नाही, ताबडतोब सोडायची. डोळ्यात पू धरला तर लवकर कळलेलं बरं, धुऊन, डागून कधी कधी थोडंफार वाचतं. आठव्या दिवशी पट्टी काढून समोर बोटं धरायची आणि विचारायचं, किती?

१९३१ च्या उन्हाळ्यात कुंभारीचा बिरप्पा तिथं निजला होता. मेंढरं राखणारा म्हातारा माणूस, बोलणं कमी. दुसऱ्या दिवशी दुपारी गिरणीचा भोंगा नुकताच होऊन गेला होता. मी दारात उभा होतो. तो एकदम म्हणाला, "तीन."

"काय तीन?"

"बोटं की. तुमीच दाखिवताय न्हवं?"

माझे हात पाठीशी होते. त्याची पट्टी जागच्या जागी होती.

"मी नाही दाखवत."

"मग कोन? खाटंच्या पायथ्याला हाय बगा. नुसता हातच हाय. मानूस न्हाय त्येला."

म्हाताऱ्या माणसाचे दोन्ही डोळे बांधून ठेवले की त्याला भास होतात. हे पुस्तकात आहे आणि मी पाहिलेलंही होतं. मी झोपेचं औषध दिलं. आठव्या दिवशी बिरप्पाला झकास दिसू लागलं आणि तो हसत घरी गेला.

पुढच्या महिन्यात वीरभद्रप्पा आले, अक्कलकोटचे कापडाचे व्यापारी. त्यांचं ऑपरेशन बिरप्पापेक्षा सफाईनं झालं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी तेही त्याच पायथ्याकडे तोंड करून म्हणाले, "मूठ का आवळलीय कुणी?" तिसऱ्या दिवशी सकाळी पट्टी पिवळी झाली होती. तो डोळा गेला.

दिवाळीपर्यंत असं अकरा जणांचं झालं. ज्यांना बोटं दिसली ते बरे झाले. ज्या तिघांना मूठ दिसली त्यांचा डोळा गेला. हा हिशेब चिमाबाईनं ठेवला होता. मी तिच्यावर खेकसलो, पण हत्यारं दोनदा उकळायला लागलो, डोळ्यांत घालायचे थेंब बदलले, खोलीला चुना दिला. खरं सांगायचं तर मलाही भीती वाटायला लागली होती.

अशात माझ्या आईची पाळी आली.

अव्वाचा उजवा डोळा लहानपणी देवीत गेला होता. डावा तेवढा होता, त्यात मोतीबिंदू. दोन वर्षं मी तिला "अजून पिकला नाही" म्हणून टाळत होतो. पिकला केव्हाच होता, धीर मला होत नव्हता. एके दिवशी तिनं भाकरी समजून निखाऱ्यात हात घातला. दुसऱ्या गावी मोठ्या डॉक्टरकडे जाऊ म्हटलं तर म्हणाली, "माजा ल्योक डोळ्याचा डाक्टर. मी परक्यापुडं कशाला निजू?"

ऑपरेशन चांगलं झालं. पट्टी बांधताना मात्र माझे हात थरथरले.

मी दवाखाना बंद ठेवला आणि तिच्या खाटेशी बसलो. सांगायला लाज वाटते, पण मी त्या आकड्याची वाट बघत होतो. दुसऱ्या दिवशी भोंगा झाला. अव्वानं पायथ्याकडे तोंड केलं. माझा हात चाचपून धरला. मग हळूच म्हणाली, "मूरू."

ती कानडीतच मोजायची. मूरू म्हणजे तीन. मी परसात जाऊन ढसाढसा रडलो.

तिसऱ्या दिवशी पट्टी सोडायची होती.

"दुखतंय का, अव्वा?"

"न्हाय."

"किती बोटं?"

"मूरूच की."

मी पट्टी सोडली नाही. जखमेला धक्का नको, असं स्वतःला समजावलं. खरं म्हणजे माझा त्या आकड्यावर विश्वास बसला होता. माझ्या शिक्षणापेक्षा जास्त.

चौथ्या दिवशी तिचं अंग गरम लागलं. पट्टीखाली गाल सुजला होता. पट्टी घट्ट झाली असेल, असं मी म्हणालो. आंबील पिताना तिनं खाटेची कड घट्ट धरली होती.

"किती?"

"मूरू."

पाचव्या दिवशी खोलीत वास आला.

"पट्टी सोडा, डाक्टर," चिमाबाई दारातनं म्हणाली. "पाया पडते तुमच्या."

मी तिला हाकलून दिलं. मग सोडली.

डोळा नव्हताच तिथं. नुसता पू होता.

अव्वानं माझा श्वास ऐकला असावा. "गेला न्हवं?"

"तू तीन म्हणालीस! रोज तीन म्हणालीस!"

"मूठच व्हती, गुरू. पयल्यापासनं."

"मग खोटं का बोललीस?"

"चिमानं सांगितलं व्हतं. मूठ म्हंजे गेलाच म्हनं. पट्टी बांदताना तुजं हात कापत व्हते. म्हटलं, जायाचाच हाय तर ल्येकराला आदीच कशाला रडवायचं? चार दीस तरी हसू दे."

"दुखत होतं?"

"लई."

मला ओरडावंसं वाटलं. ती एका शब्दानं बोलली असती, मी नियमाप्रमाणे तिसऱ्या दिवशी पट्टी सोडली असती, तर निदान उजेड-अंधार तरी वाचला असता. कदाचित. हे कदाचित मला जन्मभर पुरणार होतं.

धुण्यात आता काही अर्थ नव्हता. तरी मी बोरिकचं कोमट पाणी करून आणलं आणि खाटेच्या पायथ्याशी उभा राहिलो. जवळ जायला पाय उचलेना.

अव्वानं तोंड माझ्याकडे वळवलं.

"मूठ न्हाय बग आता," ती म्हणाली. तिच्या आवाजात माया होती. "तुजाच हात दिसतोय मला. असं डोळं झाकून रडू नगंस, गुरू. काढ तो हात."

माझे दोन्ही हात पाण्याच्या भांड्याला होते.