तामसीकडचा लाल दिवा

यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही. जिच्या बाबतीत हे घडलं ती विमलबाई माझी सख्खी मावशी. आणि ती खोटं बोलत नाही.

साल १९९३. आदिलाबाद. भर दुपार.

रात्र नव्हती… म्हणूनच मला जास्त भीती वाटते.

मावशी नर्स होती. एका संस्थेतर्फे खेड्यातल्या सुइणींना शिकवायची. समोरासमोर नाही, वायरलेसवरून. चार गावांच्या शाळांत चार सेट ठेवलेले. मावशी आदिलाबादच्या खोलीत माइकपुढे बसायची. तिकडून कोणी बोललं की इकडे त्या गावाचा लाल दिवा लागायचा.

चेहरे दिसायचे नाहीत. कोण ऐकतंय, कोण पेंगतंय, काही कळायचं नाही. म्हणून मावशी मध्येच एकेकीला नावाने हाक मारायची.

"बोला रुक्माबाई, या आठवड्यात कोणाकडे पाळणा हलला?"

चारही गावांतून हशा ऐकू यायचा. बाया जाग्या राहायच्या.

त्या दुपारी मात्र तिने कोणालाच हाक मारली नाही.

धडे मागे पडले होते. वरून बोलणी बसली होती. ती कागद समोर धरून नुसती वाचत सुटली.

आणि तामसीकडच्या खेड्याचा दिवा लागला…

"बाई… लेकरू झालं, पण वार पडून नाही राह्यली. कितीक वेळ थांबाव?"

त्या गावातून शिकणारी एकटी रुक्माबाईच. मावशी म्हणाली, "रुक्माबाई, प्रश्न शेवटी."

थोड्या वेळाने पुन्हा दिवा.

"बाई… कितीक वेळ?"

आवाज बारीक झाला होता. मागे काहीतरी ठिबकत होतं…

टप… टप…

मावशी वैतागली. तिने त्या गावाची लाइनच बंद केली. दिवा विझला. ती पुढे वाचू लागली.

"बाई…"

तिने चमकून पाहिलं. दिवा विझलेलाच होता.

भास असेल, म्हणून तिने वाचन चालू ठेवलं. वेळ संपली. प्रश्न घ्यायचे राहूनच गेले.

त्याच आठवड्यात निरोप आला. रुक्माबाईची सून शकुबाई त्याच दुपारी बाळंतपणात गेली. वार पोटातच अडकली. रक्त थांबलंच नाही.

मावशी मला पुन्हा पुन्हा तेच सांगत राहिली.

"थांबू नका, गाडी जुंपा, दवाखान्यात आणा. एवढंच तर सांगायचं होतं गं मला."

शेवटी ती बस धरून त्या गावी गेली. रुक्माबाई ओसरीत नातवाला मांडीवर घेऊन बसली होती. मावशीने तिचे पाय धरले.

"मला माफ करा. तुम्ही विचारत होतात, अन् मी लाइन बंद केली."

रुक्माबाईने पाय मागे घेतले.

"मी काय विचारलं, बाई? मी त त्या दिवशी शाळेत आलीच नवती. सून अडली होती. तिच्यापाशीच होती मी."

"मग सेटवर कोण होतं?"

"कोण असन? मास्तर गावाले गेलते. शाळेले कुलूप होतं."



रुक्माबाई हळूच म्हणाली, "शकू मातर सारखी बोलून राह्यली होती. 'बाईले विचारा, बाईले विचारा.' मी म्हटलं, पोरी, बाई कुठी हाय इथं?"

"मग?"

"मंग एकदमच तिचा आवाज गेला, बाई. ओठ हालून राह्यले होते… पण आवाज नवता."

मावशीने शिकवणं सोडलं नाही. पण पुन्हा कधी कोणाची लाइन बंद केली नाही. आता ती थकली आहे. परवा माझा हात धरून तिने विचारलं,

"मी बटण बंद केलं, म्हणून तिचा आवाज गेला का गं?"

मी लगेच "नाही" म्हटलं.

जरा जास्तच लगेच…

तिने हात सोडला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.