नऊ की दोन

चंद्रावरच्या हिमवाडी वसाहतीत माणसं अवघी अकरा. त्यामुळे दारावरची पाळी कुणालाच चुकत नसे, मग त्याचं वय अकरा का असेना. आज पाळी शाल्मलीची होती. बाकीचे सगळे बर्फाच्या खाणीत गेलेले. सोबतीला होता भिकाजी, वसाहतीचा यंत्रमानव. तो मदत सगळी करायचा, घाई मात्र कधीच नाही.

आणि नेमकी आजच आजी परत येत होती. शाल्मलीची आजी शास्त्रज्ञ. तीन वर्षं किरमिज ग्रहावर राहून ती तिथल्याच यानातून, तिथल्याच एका पाहुण्याला घेऊन निघाली होती.

पडद्यावर निरोप उमटला: "√७२ मिनिटांत पोहोचतो. दार क्रमांक क्ष. √(क्ष + ७) = क्ष − ५."

मग यान डोंगराआड गेलं आणि संपर्क तुटला.

"सरळ आकडा सांगायला काय होतं यांना?" शाल्मली म्हणाली.

"किरमिजावर उघडी संख्या सांगणं असभ्य समजतात, ताई. आपल्याकडे कुणी टॉवेल गुंडाळून लग्नाला जातं का? तसंच. ते संख्येला मूळचिन्हाखाली झाकून पाठवतात."

"आणि हे √७२?"

"७२ म्हणजे ३६ गुणिले २. ३६चं वर्गमूळ (जिला तिनंच गुणलं की ३६ येतात ती संख्या) ६. हा ६ चिन्हाबाहेर येतो. २ आतच राहतो, कारण त्याचं मूळ नीट निघत नाही. अशा आत अडकलेल्या मुळाला करणी म्हणतात. झालं ६√२. √२ साधारण १.४१, म्हणजे सुमारे साडेआठ मिनिटं. त्यातली दोन मी बोलण्यात घालवली."

दारं दहा, सगळी जमिनीखाली, खिडकी एकही नाही. दाराबाहेरच्या बोगद्यात हवा भरायला पाच मिनिटं लागत, आणि टाकीत हवा होती एकाच बोगद्यापुरती. इतक्या लांबच्या प्रवासानंतर यानातली हवा संपत आलेली असणार. चुकीचा बोगदा भरला, तर आजी दुसऱ्याच दाराशी हवेविना ताटकळणार.

तिनं पाटी ओढली. मूळचिन्ह घालवायचं तर दोन्ही बाजूंचा वर्ग करायचा (त्या संख्येला तिनंच गुणायचं).

क्ष + ७ = क्ष² − १०क्ष + २५

सगळं एका बाजूला आणलं:

क्ष² − ११क्ष + १८ = ०

(क्ष − २)(क्ष − ९) = ०

म्हणजे दार दोन. किंवा दार नऊ. वसाहतीत दोन्ही दारं होती, हाच वैताग.

"उत्तरं दोन, आजी एक," भिकाजी म्हणाला. "दोन्हीकडे अर्धी अर्धी हवा भरू?"

"अर्ध्या हवेत आजी जगेल?"

"हिशोबानं, अर्धी."

शाल्मलीनं मान खाली घातली, तर समोर तिचेच पायमोजे. काल एक चंद्रधुळीनं काळा झाला होता, दुसरा स्वच्छ होता. दोन्ही यंत्रातून धुऊन निघाल्यावर कुठला मळका होता ते आईलासुद्धा सांगता आलं नव्हतं.

"भिकाजी, वर्ग करणं म्हणजे धुणंच की रे. ३चा वर्ग ९, आणि उणे ३चाही ९च. एकदा धुतल्यावर उणेचा डाग दिसतच नाही."

"मग?"

"मग धुण्याआधीच्या समीकरणात बघायचं." तिनं दोन घालून पाहिले. डावीकडे √९, म्हणजे ३, कारण हे चिन्ह नेहमी धन मूळच देतं. उजवीकडे २ − ५, म्हणजे उणे ३. जुळेना. मग नऊ घातले. डावीकडे √१६, म्हणजे ४. उजवीकडे ९ − ५, तेही ४.

"दोन हा आगंतुक आहे (वर्ग करताना आत शिरलेलं खोटं उत्तर). नऊ नंबर भर."

भिकाजीनं कळ दाबली. टाकीचा काटा उतरत उतरत शून्यावर टेकला. मग काहीच झालं नाही, आणि ते बराच वेळ होत राहिलं.

टक. टक. टक. नऊ नंबरच्या दारावर.

शाल्मलीच्या अंगावर काटा आला. कुठल्याशा परक्या सूर्याखाली वाढलेल्या कुणीतरी एक ओळ लिहिली होती, तिनं ती चंद्रावर पाटीवर सोडवली होती, आणि कुणी कुणाला भेटलेलं नसताना दोघांचा नऊ एकच निघाला होता.

"पडताळा घेतलास?" आजीनं आत येताच विचारलं.

"घेतला."

"वाटलंच. मी श्वास घेतेय."

मागून पाहुणा आला, साबुदाण्याच्या पापडीसारखा अर्धपारदर्शक. त्यानं वाकून शाल्मलीला तिचं वय विचारलं. ती तोंड उघडणार, तेवढ्यात तिला रीत आठवली. तिनं पाटी पुसली आणि लिहिलं: √(क्ष + ५) = क्ष − ७.

पाहुण्यानं वर्ग केला. "अकरा," तो संकोचून पुटपुटला, "किंवा चार." मग त्यानं तिला डोक्यापासून मोज्यांपर्यंत न्याहाळलं, आणि न्याहाळण्यावर विसंबून न राहता दोन्ही उत्तरं मूळ समीकरणात घालून पाहिली. चार गळून पडला. पाहुणा आतून हळूहळू उजळत गेला. किरमिजावर हसतात ते असं, आजीनं सांगितलं.

शाल्मलीनं पाटी उलटी करून कोरी बाजू त्याच्यापुढे धरली. त्याच्या आकाशात सूर्य किती आहेत ते तिला विचारायचं होतं, आणि तेही सभ्यपणे.