शेवटच्या माणसानं दार ओढून घ्यायचं

खोटं वाटेल तुम्हाला, पण ब्लाझेना माझी शेजारीण आहे आणि थापा मारणाऱ्यांतली ती नव्हे. हे घडलं ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, दिवसाढवळ्या, चेक देशात, दक्षिण बोहेमियातल्या एका किल्ल्यात.

नवरा गेल्यानंतरचा तिचा हा पहिलाच शरद. ओताकार होता तेव्हा दोघं दरवर्षी इथे यायची. या वेळी मुलगा रादेक आणि सून इवेता तिला घेऊन आले. बागेतल्या पुतळ्यांवर हिवाळ्यासाठी लाकडी खोकी चढली होती. कारंजं बंद होतं.

किल्ल्यातल्या महालात शिरताना सगळ्यांनी बुटांवरून लोकरी सपाता चढवल्या. लाकडी जमिनीवर ओरखडे पडू नयेत म्हणून तिथे तसा नियमच आहे. ओताकार त्या घालून मुद्दाम पाय फरपटत चालायचा.

सर्र... सर्र...

"पाय उचल की जरा," ती करवादायची. तो आपला सगळ्यांच्या मागे रेंगाळायचा आणि प्रत्येक दालनाचं दार ओढून घ्यायचा.

"शेवटच्या माणसानं दार ओढून घ्यायचं हं," महाल दाखवणारी मुलगी म्हणाली.

आज शेवटी ब्लाझेनाच होती. पहिल्या दालनातून बाहेर पडून ती दार ओढायला वळली...

दार लागलेलं होतं.

पुढच्या दालनात मागून आवाज आला. सर्र... सर्र...

तिला भीती वाटली नाही. उलट बरं वाटलं. किती महिने घरात तिच्या एकटीचाच चमचा वाजत होता. वळून बघितलं तर आवाज थांबेल, म्हणून ती वळली नाही. चाल तेवढी हळू केली.

"आई, दमलीस का?" पुढून रादेकनं विचारलं.

"नाही रे. येतोय आम्ही."

रादेक आणि इवेता एकमेकांकडे बघत राहिले.

शेवटचं दालन संपलं. सगळे बाहेर आले. मुलीनं किल्ली काढली.

"आजी, आत कुणी राहिलं नाही ना?"

रादेक ब्लाझेनाकडेच बघत होता. पोरगा आधीच काळजीत. त्याला आणखी घोर नको, म्हणून ती म्हणाली, "नाही. कुणी नाही."

किल्ली फिरली.

आणि आतून... सर्र... सर्र...

दारापर्यंत आलं. थांबलं.

दाराची मूठ हलली. हळूच. एकदाच.

"पोरी, जरा उघड गं."

"आता एप्रिलमध्येच, आजी. हिवाळ्यात बंद असतं."

रादेकनं तिचा हात धरला. "आई, आत कुणी नाहीये. आत्ता तूच म्हणालीस ना?"

आता जानेवारी चाललाय. बाहेर गुडघाभर बर्फ आहे. ब्लाझेना संध्याकाळी माझ्याकडे येऊन बसते. चहा तसाच निवतो.

"तिथे शेगडीसुद्धा पेटवत नाहीत गं," ती म्हणते. "त्याला थंडी सोसत नाही. आणि मीच सांगून आले, कुणी नाही म्हणून."

एप्रिलमध्ये तिनं मला सोबत बोलावलंय. मी हो म्हटलंय.

पण दार ओढून घ्यायला शेवटी कोण राहणार... हा विषय आम्ही दोघींनीही अजून काढलेला नाही.