अजून ठरलं नाही

मानवजातीने अखेर लोकशाही परिपूर्ण केली होती. भोरखेडा मतदारसंघात ती दुपारी दोन ते चार बंद असे, कारण तेव्हा मतदार झोपत.

या परिपूर्णतेचं नाव होतं ‘स्वजनवाणी’. कल्पना साधी. सत्ता पालटते ती कुंपणावर बसलेल्या मतदारांमुळे. ते पुढाऱ्याचं ऐकत नाहीत, घरच्या माणसाचं ऐकतात. आणि घरचं माणूस वारलेलं असेल तर त्याच्याशी वाद घालत नाहीत. म्हणून विरोधी पक्षाने जुन्या फोनमधल्या निरोपांवरून गेलेल्यांचे आवाज घडवले. आवाज रोज फोन करी, ख्यालीखुशाली विचारी, हळूच पक्षाचं नाव काढी. मतदाराचं ठरलं, हे त्याच्या बोलण्यावरून यंत्राला कळे. मग फोन थांबत. ठरलेल्या माणसावर खर्च कशाला?

पण प्रचार संपत आला तरी कुंपणावरची गर्दी वाढतच चालली होती. म्हणून यंत्र घडवणाऱ्या डॉ. मृण्मयी केळुसकर स्वतः भोरखेड्यात आल्या आणि गोदाबाई लोखंड्यांच्या पिठाच्या गिरणीत शिरल्या.

“मावशी, चार महिने झाले. तुमचं ठरत का नाही?”

“ठरलं की सुयोगचा फोन बंद होतो,” गोदाबाई पीठ चाळत म्हणाल्या. “शेजारच्या बबनरावांनी पहिल्याच आठवड्यात ‘हो’ म्हणून टाकलं. बायको पुन्हा गेली. आता फोन मांडीवर घेऊन बसतात. आम्ही त्यातून शिकलो. अख्ख्या गावाचं ठरत नाहीये.”

“मावशी, तो तुमचा मुलगा नाही. यंत्र आहे.”

“ठाऊक आहे की. माझा सुयोग शिक्षणाच्या तरतुदीवर बोलला असता होय? बारावीला दोनदा बसला तो.”

डॉक्टरांना हसू आलं, पण ते टिकलं नाही. “परवा मतदान. आज रात्री प्रचार संपला की सगळे आवाज पुसणार.”

“मी मत दिलंच नाही तर?”

“तरी पुसणार.”

गोदाबाईंनी गिरणी बंद केली. पट्टा फिरत फिरत थांबला.

“तुमचं कोण होतं त्यात?”

“बाबा,” डॉक्टर म्हणाल्या. “यंत्राची चाचणी घ्यायची होती. फोन नीट थांबतो का, ते बघायला मी पहिल्याच दिवशी ‘हो’ म्हटलं.”

“मग?”

“नीट थांबला.”

गोदाबाईंनी पिठाचा हात पदराला पुसला आणि डॉक्टरांच्या पाठीवर ठेवला. बाहेर प्रचाराची शेवटची रिक्षा उज्ज्वल भविष्याबद्दल ओरडत गेली.

“आज संध्याकाळी येईल ना त्याचा फोन?”

“येईल. शेवटचा.”

“मग एक काम करा बाई. तुम्ही त्याचा आवाज घेतलात तो त्याच्या शेवटच्या निरोपातला. तेव्हा त्याला पडसं होतं. चार महिने रोज चोंदलेल्या नाकाने बोलतोय. मी काढा घे म्हणते, तो पक्षाचं सांगतो.” त्या थांबल्या. “आजच्यापुरती त्याची सर्दी तेवढी बरी करता येईल का?”