पिशव्यांची खोली

"चोर वस्तू पळवतो, हे ऐकलंय. हा तर आणून ठेवतोय!" चष्मिस म्हणाला.

सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनाघराच्या, दारात आज पुन्हा कोट पडले होते. हिवाळ्याची सुट्टी लागल्यापासून ताई, तिचा धाकटा भाऊ चष्मिस आणि शेजारची तुरतुरी घरोघर फिरून गरम कपडे गोळा करत होती. ताईचे मामा मदत समितीचे अध्यक्ष. ते कोट गरजू घरांत पोचवायचे, आणि माहेरपणाला आल्यासारखे कोट लगेच परत!

"लोकांना किंमतच नाही!" मामा वैतागले.

"पाळत ठेवायची!" तुरतुरीने फर्मान काढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिघं जिन्याआड दबा धरून बसली. थोड्या वेळाने एक बाई आली. गप्पीची आई! गप्पी म्हणजे चष्मिसच्या वर्गातली बडबडी. थंडी पडल्यापासून ती खेळायलाच येत नव्हती, नुसती खिडकीतून बघायची. तिच्या आईने एक निळा कोट नीट घडी करून दारात ठेवला आणि ती भराभर निघून गेली.

तुरतुरी हाक मारणार, तोच ताईने तिचं तोंड दाबलं. "गप्प! आपण पाहिलं हे कळलं, तर मेल्याहून मेल्यासारखं होईल त्यांना."

त्यांनी कोट उलगडला. पाठीवर वीतभर पिवळी पट्टी शिवलेली होती. 'मदत समितीची सप्रेम भेट'!

"हे घालून ती शाळेत जाणार?" चष्मिसला मामांचा भयंकर राग आला.

मामांनी मात्र त्याला उडवून लावलं. "अरे, काम दिसलं तरच लोक मदत देतात! रविवारी इथेच वाटप आहे. फोटोवाल्यालासुद्धा बोलावलंय."

"झालं! आता तर कुणी फिरकणारच नाही," तुरतुरी पुटपुटली.

ताई विचारात पडली होती. "बाईंनी वर्गात सांगितलेलं आठवतं? आपल्या ज्यू लोकांच्या प्राचीन मंदिरात एक खोली होती. देणारा गुपचूप ठेवून जायचा, घेणारा गुपचूप घेऊन जायचा. कोण कोण, ते कुणालाच कळायचं नाही."

मग काय! कपड्यांच्या खोलीची किल्ली मुलांकडेच होती. दुपारभर बसून त्यांनी सगळ्या पट्ट्या उसवल्या. मग घरोघर निरोप गेला: रविवारी प्रत्येकाने फुगलेली पिशवी घेऊन यायचं. द्यायला काही नसेल तर रद्दी भरा. खोलीत एकेकट्याने जायचं, आणि बाहेर येतानाही पिशवी फुगलेलीच हवी. न्यायचं काही नसेल तर रद्दी आहेच!

रविवारी ही रांग लागली! डॉक्टर, पाववाले काका, शाळेतल्या बाई, गप्पीची आई. सगळ्यांच्या पिशव्या फुगलेल्या. फोटोवाल्याने डोकं खाजवलं.

"साहेब, यातले गरजू कोण?"

मामा रांगेतली एकेक पिशवी न्याहाळू लागले. तेवढ्यात ताईने त्यांच्याही हातात पिशवी दिली. "आता तुमची पाळी, मामा!"

आत मेजावर पिवळ्या पट्ट्यांचा ढीग होता. मामा बराच वेळ बाहेर आले नाहीत. आले तेव्हा त्यांचा आवाज खाली आला होता.

"पोरांनो, चांगले कान उपटलेत माझे! चुकलंच माझं."

"धडा पाठ करणारे खूप पाहिले," बाई म्हणाल्या, "पण वापरणारे तुम्हीच. शाब्बास!"

"मग मी फोटो कुणाचा काढू?" फोटोवाला रडकुंडीला आला.

"पिशव्यांचा!" तिघं एकदम ओरडली.

दुसऱ्या दिवशी मैदानावर गप्पी आली. अंगात निळा कोट होता. ती वळली तेव्हा चष्मिसला तिच्या पाठीवर सुईच्या बारीक भोकांची रांग दिसली. त्याचं तोंड उघडलेलं पाहून ताईने पाय उचलला, त्याच्या पायावर द्यायला. पण तशी वेळच आली नाही.

"काय गं, राज्य कुणावर?" चष्मिसने विचारलं.

"तुझ्यावर!" गप्पी किंचाळली आणि सुसाट पळाली.