टेबलाजवळची खाट

सातपुड्यातल्या भामरीच्या बालपोषण केंद्रात जोखीमवेध यंत्र बसलं, त्या दिवसापासून डॉ. इंदुमती वळवीच्या पोटात दुखत होतं. ज्याचं पोट दुखतं त्यानं ओवा मागावा म्हणतात. पण हिनं मागायचा कुणाकडे? यंत्र बनवणारा कौस्तुभ आगाशे तिचाच विद्यार्थी. बाळाच्या मनगटाला नाडीपट्टी आणि पावलाला तापमापक पट्टी बांधली, की जुलाबांनी गळून गेलेलं ते कुपोषित लेकरू दगावण्याची शक्यता किती, ते पडद्यावर टक्क्यांत उमटायचं. बारा वर्षं इंदुमती हेच नुसत्या हातानं सांगत आली होती. तिचं कौतुक कुणी केलं? आणि हा काल आलेला पोरगा आता अडतीस केंद्रांत यंत्र बसवून मिरवत होता!

सकाळी रायली पावरा चौदा महिन्यांच्या दिलवरला घेऊन आली. पाच दिवसांचे जुलाब. कातडी हाडांवर लोंबत होती. यंत्रानं दाखवलं, चार टक्के. धोका कमी, म्हणून सिस्टरनं त्याला शेवटची खाट दिली.

इंदुमतीनं जाता जाता दिलवरच्या पावलांना हात लावला. गार. अगदी गार! क्षणभर, खोटं कशाला बोला, तिला आनंद झाला. आता पडेल यंत्र तोंडावर! पुढच्याच क्षणी तिला स्वतःची किळस आली. यंत्र खोटं पडायचं, तर हे लेकरू जायला हवं होतं.

"सिस्टर, ह्याला माझ्या टेबलाजवळ आणा. सलाईन लावू नका, ह्याच्या हृदयाला तेवढं पाणी पेलणार नाही. साखरपाणी द्या, चमच्यानं, थोडं थोडं. रायली, पोलकं सोड आणि पोराला उघड्या छातीशी धर. वरनं गोधडी घे."

"जगेल ना, बाई?"

"मी इथून हलत नाही, बघ."

आणि ती खरंच हलली नाही. जेवणाचा डबा तसाच राहिला. दुपारी चारला पावलं उबदार झाली आणि दिलवर चक्क भोकाड पसरून रडला. पडद्यावर हिरवी खूण उमटली: अंदाज अचूक.

"बघा मॅडम, चारच टक्के होते ना!" यंत्राचं काम बघायला आलेला कौस्तुभ खुशीत म्हणाला.

इंदुमतीच्या अंगाचा तिळपापड झाला. राबायचं हिनं आणि शाबासकी त्या डब्याला!

"अरे, पाय गार पडलेल्या पोराला चार टक्के? कुणी शिकवलं तुझ्या यंत्राला हे?"

"तुम्हीच की! तुमच्या केंद्राच्या बारा वर्षांच्या नोंदी दिल्या त्याला. गार पायांची जवळजवळ सगळी मुलं वाचलीत. यंत्रानं तेच उचललं. पाय गार, म्हणजे धोका कमी."

"ती वाचली, कारण मी त्यांना टेबलाजवळ घ्यायची! दर अर्ध्या तासाला बघायची! हे नोंदीत कुठंय?"

कौस्तुभचा चेहरा उतरला. "नाही. त्याला रकानाच नाही." मग हळूच म्हणाला, "मी दोनदा आलो होतो मॅडम. काही सुटलंय का, बघून द्या म्हणून."

आला होता. "तुझं तू बघ, आता मोठा झालास," म्हणून तिनं त्याला दारातूनच वाटेला लावलं होतं. पाच मिनिटांचं काम होतं ते. निव्वळ जळफळाटापायी तिनं केलं नव्हतं.

इंदुमती रजेवर असतानाच्या तेवढ्या नोंदी कौस्तुभनं वेगळ्या काढल्या आणि त्यांच्यावरून दिलवरचं गणित पुन्हा मांडलं. चारचे एकसष्ट झाले.

बाकीच्या केंद्रांना सावध करायला दोघांनीही फोन उचलले. इंदुमतीनं पहिला खर्डीपाणीच्या केंद्राला लावला. तिथं यंत्र येऊन महिना झाला होता.

"सिस्टर, पाय गार असलेली मुलं कितीयत तुमच्याकडे? आत्ताच्या आत्ता त्यांना आपल्या टेबलाजवळ घ्या!"

"गार पायांची ना, मॅडम? तीन होती," तिकडून सिस्टर उत्साहानं म्हणाली. "पण यंत्रानं चार-चारच टक्के दाखवले, आणि इथं खाटा अपुऱ्या. कालच घरी सोडलं त्यांना."